यकृत प्रतिरोपण, बालकांचे : दात्याचे नाते व अस्वीकार

जन्मजात पित्तवाहिनीरोधासारख्या विकारांमुळे यकृत निकामी झालेल्या बालकास जिवंत दात्याच्या, बहुधा आई किंवा वडील यांच्या, यकृताचा भाग बसवितात. प्रौढाच्या यकृताचा डावीकडील सु. एक-पंचमांश भाग लहान बालकास पुरतो व दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया रसेल स्ट्राँग यांनी १९८९ मध्ये ब्रिझ्बेन येथे केली. दाता आई होती. भारतात १९९८ मध्ये दिल्ली येथे वडिलांच्या यकृताचा भाग बालकास यशस्वीपणे बसविण्यात आला.

परके ऊतक ओळखून शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा त्यावर हल्ला करते, यास ‘अस्वीकार’ म्हणतात. ही ओळख मुख्यतः श्वेतकोशिका-प्रतिजनांवरून पटते. त्यांच्या जनुकांचा एक संच आईकडून व दुसरा वडिलांकडून येतो. त्यामुळे माता-पिता अपत्याशी निम्मे तरी जुळतात. सख्खी भावंडे पूर्णतः जुळण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते.

मूत्रपिंडाच्या मानाने यकृतास या जुळणीची गरज कमी भासते. नातलगाच्या यकृताचा लाभ बराचसा वेगळ्या कारणांनी होतो : शस्त्रक्रिया नियोजित वेळी होते व यकृत रक्तपुरवठ्यावाचून थोडाच काळ राहते. गर्भावस्थेत मातेच्या काही कोशिका अपत्यात शिरून टिकतात. पित्तवाहिनीरोधाच्या रुग्णांत आईचे यकृत वडिलांच्या यकृतापेक्षा अधिक टिकल्याचे काही निरीक्षणांत आढळले. मात्र सर्व अभ्यास याला दुजोरा देत नाहीत. म्हणून दात्याची निवड रक्तगट, आरोग्य व यकृताची रचना पाहून करतात.

अतिनिकट जुळणीही क्वचित घातक ठरते. दात्याचे दोन्ही संच एकसारखे असून तोच संच बालकात असल्यास बालकाचे शरीर यकृतास परके मानीत नाही. परंतु यकृताबरोबर आलेल्या दात्याच्या श्वेतकोशिका बालकाच्या ऊतकांवर हल्ला करू शकतात. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा असलेल्या कुटुंबांत असा योग येण्याची शक्यता वाढते.

नाते हा औषधांना पर्याय नव्हे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात आईवडिलांचे यकृत मिळालेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या २० निवडक मुलांची औषधे देखरेखीखाली थांबविली असता १२ जणांत ती थांबलेली राहू शकली. इतरांत ती थांबविता आली नाहीत. अस्वीकाराची सुरुवात पुष्कळदा लक्षणांवाचून होते व केवळ रक्ततपासणीत कळते. यवतमाळ जिल्ह्यातील गावी परतलेल्या बालकाच्या बाबतीत म्हणूनच टॅक्रोलिमससारख्या औषधाची रोजची मात्रा व ठरलेल्या तपासण्या चुकता कामा नयेत. दाता आई असली तरीही.