'वाटतं' म्हणजे नक्की काय?

दिवसभरात आपण 'वाटतं' हा शब्द किती वेळा वापरतो ते एकदा मोजून बघा. पेपर सोपा येईल असं वाटतं, सर आज लेक्चर घेणार नाहीत असं वाटतं, घरी जावंसं वाटतं, उदास वाटतं. क्रियापद एकच, कामं अनेक. इंग्रजीने मात्र या प्रत्येक कामाला वेगळा शब्द नेमला आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ग्रामर भरपूर घोटून घेतलं, पण हा फरक कुणी मुद्दाम बसून सांगितला नाही. पॉकेट डिक्शनरीत बघावं तर 'थिंक'पुढे 'बिलीव्ह' आणि 'बिलीव्ह'पुढे 'थिंक'! म्हणून म्हटलं, आपणच जरा उलगडून बघू.

उदाहरण आपल्या रोजच्या जिव्हाळ्याचं घेऊ. 'आज मेसमध्ये पावभाजी आहे असं मला वाटतं.' आता हे वाक्य सहा जण म्हणाले असं समजा.

पहिल्याने काहीच आधार नसताना ठोकून दिलं. तो 'गेस' करतो. दुसऱ्याने हिशोब केला, गेले तीन बुधवार पावभाजी होती म्हणजे आजही असणार. तो 'थिंक' म्हणेल. तिसऱ्याला जिन्यातच मसाल्याचा वास आला. त्याच्याकडे पुरावा नाही, पण सुगावा आहे. त्याचा शब्द 'सस्पेक्ट'. चौथ्याला मेसच्या काकांनी सकाळी सांगितलं होतं आणि काकांवर त्याचा भरवसा आहे. तो 'बिलीव्ह' करतो. पाचव्याने चौकशी न करताच पावभाजी धरून चालली आणि बाहेरचं जेवण रद्द केलं. त्याने 'अझ्यूम' केलं. सहावा स्वयंपाकघरात डोकावून आला. त्याला 'वाटत' नाही, त्याला माहीत आहे. तो 'नो' करतो.

म्हणजे बघा, इंग्रजीत नुसतं मत सांगून भागत नाही. ते मत कशाच्या जोरावर उभं आहे हेही क्रियापदातूनच सांगावं लागतं.

यातलं सर्वात फसवं क्रियापद 'अझ्यूम', आणि आपण इंजिनिअरिंगवाले तर त्याचे रोजचे गिऱ्हाईक! घर्षण शून्य धरा, बीमचं वजन सोडून द्या. असं धरण्यात गैर काही नाही, फक्त आपण काय धरलं ते लिहून ठेवायचं आणि तपासायचं. ते राहिलं की काय होतं? नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळाजवळ पोचल्यावर गमावलं गेलं. थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे एका सॉफ्टवेअरमधून पौंड-सेकंदांत येत होते आणि पुढची मंडळी ते न्यूटन-सेकंद धरून चालली होती. एक पौंड बल म्हणजे जवळजवळ ४.४५ न्यूटन. ठरलं होतं मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचं, पण नंतरच्या हिशोबात ती उंची निघाली फक्त ५७ किलोमीटर. एकक न्यूटन-सेकंदच आहे हे कुणी 'नो' करत नव्हतं, सगळे 'अझ्यूम' करत होते.

आता दुसरी गंमतीची जोडी, 'डाउट' आणि 'सस्पेक्ट'. मराठीत दोन्हीला आपण शंका किंवा संशय म्हणून मोकळे होतो. पण इंग्रजीत हे दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. तो कॉपी करेल याबद्दल 'आय डाउट' म्हटलं तर अर्थ होतो की तो करणार नाही असं मला वाटतं. 'आय सस्पेक्ट' म्हटलं तर तो करेल असं वाटतं! बिचाऱ्याची इज्जत एका क्रियापदावर अवलंबून. आपण वर्गात हात वर करून 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणतो. आपल्याकडे ते चालतं, कारण शंका म्हणजे प्रश्न हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एमएसला बाहेर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथल्या प्रोफेसरला आपण त्यांच्या म्हणण्यावरच अविश्वास दाखवतोय असं वाटू शकतं. तिथे सरळ 'क्वेश्चन' म्हणावं.

'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' यांचंही तसंच. स्वतःला आठवणं म्हणजे 'रिमेंबर', दुसऱ्याला आठवण करून देणं म्हणजे 'रिमाइंड'. पहाटे उठवण्यासाठी रूममेटला 'रिमेंबर मी' सांगितलंत तर तो तुमची गोड आठवण काढेल आणि कूस बदलून झोपेल.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मराठी बिचारी गरीब. मला तसं मुळीच म्हणायचं नाही. अंदाज आहे, खात्री आहे, गृहीत धरलंय, सुगावा लागला, हे सगळं आपल्याकडे आहेच की. आपण आळसाने 'वाटतं' म्हणतो, तसे इंग्रजी बोलणारेही आळसाने सगळीकडे 'आय थिंक' म्हणतात. उलट काही ठिकाणी मराठीच जास्त बारीक कातते. रिझल्ट लागल्याचं कळतं, फूरिये ट्रान्सफॉर्म समजतो आणि तो नेमका कशासाठी आहे हे एखाद्या दिवशी अचानक उमगतं. आणि 'कळतं पण वळत नाही' हे इंग्रजीत सांगायला अख्खं वाक्य रचावं लागेल. (परीक्षेच्या आदल्या रात्री तर हे आपलं राष्ट्रगीतच असतं!)

तेव्हा प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिताना किंवा व्हायव्हाला उत्तर देताना एक क्षण थांबून स्वतःलाच विचारा, हे मी मोजलंय, हिशोबाने काढलंय, कुणावर विश्वास ठेवून म्हणतोय, की नुसतंच धरून चाललोय? उत्तर मिळालं की योग्य क्रियापद आपोआप सापडेल, भाषा कुठलीही असो. एक्स्टर्नलने पुढचा प्रश्न विचारला तरी घाबरायला होणार नाही, कारण आपल्याला किती माहीत आहे हे आपल्याला माहीत असेल.

निदान मला तरी असं वाटतं. म्हणजे 'थिंक' बरं का, 'गेस' नव्हे!