विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती आणि बदल: भार कोठून कोठे जातो?

या पाठात आपण दोन प्रश्न पाहणार आहोत. विमानाच्या सांगाड्याला इजा झाली तर ती कशी भरून काढायची? आणि आहे त्या सांगाड्यावर नवे वजन टांगायचे झाले तर काय तपासायचे? स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स या विषयातील प्रतिबल, विकृती आणि कर्तन या संकल्पना तुम्हाला माहीत आहेत असे येथे गृहीत धरले आहे.

महाराष्ट्रात ही दोन्ही प्रकारची कामे नाशिकजवळच्या ओझरला चालतात. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, तेथील कारखाना १९६४ साली मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. पुढे तेथे सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागले. हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपोही ओझरलाच आहे. लढाऊ विमाने तेथे उघडून, तपासून, दुरुस्त करून पुन्हा जोडली जातात. नागरी विमानांच्या देखभालीसाठी नागपूरच्या मिहानमध्ये केंद्र आहे. या सर्व ठिकाणी कामाचे स्वरूप वेगळे असले तरी अभियंत्याचा पहिला प्रश्न एकच असतो: भार कोठून येतो, कोणत्या भागातून जातो आणि कोठे पोचतो? याला आपण भारमार्ग म्हणू.

१. सांगाडा भार कसा वाहतो

विमानाचे धड म्हणजे पातळ पत्र्याची नळी. पत्र्याला आतून आडव्या गोल फ्रेम आणि लांबीच्या दिशेने जाणारे स्ट्रिंजर जोडलेले असतात. पत्रा केवळ झाकणासाठी नसतो; तोही भार उचलतो. घराच्या भिंतीचा गिलावा पडला तरी घर उभे राहते, पण विमानाचा पत्रा फाटला तर सांगाड्याचाच एक भाग गेला असे समजावे.

उंचीवर केबिनमधील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक उड्डाणात धड फुग्यासारखे ताणले जाते. पातळ नळीसाठी सूत्र असे:

परिघीय प्रतिबल = दाब × त्रिज्या ÷ जाडी

मध्यम आकाराच्या प्रवासी विमानासाठी दाबातील फरक ०.०५५ मेगापास्कल, त्रिज्या १,९०० मिमी आणि पत्र्याची जाडी १ मिमी घेऊ. प्रतिबल सुमारे १०५ मेगापास्कल येते. फ्रेम काही वाटा उचलतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी असतो.

विमानात सर्रास वापरला जाणारा २०२४-टी३ हा ॲल्युमिनियम मिश्रधातू ४३० मेगापास्कलपर्यंत तुटत नाही. मग १०५ मेगापास्कलची काळजी का करायची? कारण पत्र्यात रिव्हेटची हजारो भोके असतात. भोकाच्या काठाशी प्रतिबल अडीच ते तीन पट होते, म्हणजे २६० ते ३१५ मेगापास्कल. शिवाय हे एकदाच होत नाही. विमान वर गेले की ताण, खाली आले की सैल. असे हजारो वेळा घडते. तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच येथे धातू थकतो. आधी भोकाच्या काठाला केसासारखा तडा जातो आणि तो प्रत्येक उड्डाणागणिक थोडा वाढतो.

२. ठिगळाचे गणित

समजा, १ मिमी जाडीच्या पत्र्यावर गंजाचा डाग आहे. पहिले काम म्हणजे खराब धातू पूर्ण कापून काढणे. कापलेल्या भागाचे कोपरे गोल ठेवायचे. टोकदार कोपरा म्हणजे तड्याला आमंत्रण. कापलेला भाग ५० मिमी × ५० मिमी आहे असे धरू. त्यावर बसवायच्या जादा पत्र्याला डबलर म्हणतात. तो त्याच मिश्रधातूचा आणि मूळ पत्र्यापेक्षा एक माप जाड घेतात; येथे १.२ मिमी.

आता प्रश्न असा की कापलेला पत्रा जास्तीत जास्त किती भार वाहू शकत होता? तेवढी क्षमता आपल्याला परत द्यायची आहे.

गेलेली क्षमता = ५० × १ × ४३० = २१,५०० न्यूटन

हा भार रिव्हेटमधून डबलरमध्ये जाणार. २११७-टी४ मिश्रधातूचा ४ मिमी व्यासाचा एक रिव्हेट कर्तनात सुमारे २,६०० न्यूटन सोसतो. रिव्हेटच्या दाबाने पत्र्याचे भोक लांबट होण्याची मर्यादा सुमारे ३,२०० न्यूटन आहे. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा, म्हणजे २,६००.

रिव्हेटची संख्या = २१,५०० ÷ २,६०० = ८.३, म्हणून ९

हे ९ रिव्हेट भोकाच्या एका बाजूला लागतात. दुसऱ्या बाजूला आणखी ९. भार एका बाजूने डबलरमध्ये चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो, हे विसरू नये. दोन्ही बाजूंचे मिळून ९ धरले तर सांधा निम्म्याच ताकदीचा होतो.

९ रिव्हेट तीन-तीनच्या तीन ओळींत लावू. दोन रिव्हेटमधील अंतर व्यासाच्या चौपट, म्हणजे १६ मिमी आणि काठापासूनचे अंतर व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ८ मिमी ठेवू. एका बाजूला ८ + १६ + १६ + ८ = ४८ मिमी जागा लागते. म्हणून ५० मिमीच्या भोकासाठी डबलरची लांबी १४६ मिमी होते, जवळजवळ तिप्पट. आडव्या दिशेचा भारही असाच तपासावा लागतो. डबलर किती मोठा असावा हे भोकाच्या आकारावर ठरत नाही, भार चढायला आणि उतरायला किती जागा लागते यावर ठरते.

३. जाड पत्रा लावला तर?

विद्यार्थी येथे हमखास विचारतात: १.२ मिमीऐवजी ३ मिमीचा डबलर लावला तर जास्त सुरक्षित नाही का?

दोन पत्रे एकत्र ताणले जातात तेव्हा भार ताठपणाच्या प्रमाणात वाटला जातो. एकाच धातूचे पत्रे असतील तर जाडीच्या प्रमाणात. १ मिमी पत्र्यावर १.२ मिमीचा डबलर असेल तर त्याच्याकडे १.२ ÷ २.२, म्हणजे सुमारे ५५ टक्के भार जातो. ३ मिमीचा असेल तर ७५ टक्के. हा जादा भार डबलरच्या काठाशी असलेल्या पहिल्या ओळीच्या रिव्हेटांवर एकवटतो, कारण भार तेथेच सर्वांत आधी चढू पाहतो. परिणामी मूळ पत्र्याला त्याच ओळीत तडा जातो आणि ठिगळ मात्र शाबूत राहते.

म्हणून चांगला डबलर काठाकडे पातळ होत जातो किंवा लहान-मोठे दोन पत्रे एकावर एक लावून भार हळूहळू चढवतात. दुरुस्तीत कमी ताकद चुकीची आहेच, जास्त ताठपणाही चुकीचा आहे. मूळ सांगाड्याशी मिळतेजुळते राहणे हे खरे उद्दिष्ट.

४. दोन अपघात

वरचे गणित परीक्षेपुरते नाही. चुकलेल्या दुरुस्तीचे परिणाम जिथे बारकाईने तपासले गेले, अशी जगातील दोन उदाहरणे पाहू. दोन्ही विमाने बोइंग ७४७ होती आणि दोन्हींची शेपटी धावपट्टीला घासली होती.

पहिले जपान एअर लाइन्सचे. १९७८ साली ओसाका येथे शेपटी घासल्यावर केबिनच्या मागच्या टोकाची घुमटाकार दाबभिंत दुरुस्त करण्यात आली. नव्या आणि जुन्या भागाच्या सांध्यात एक सलग जोडपट्टी बसायची होती, म्हणजे भार रिव्हेटच्या दोन ओळींतून गेला असता. प्रत्यक्षात पट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली. त्या भागात सगळा भार एकाच ओळीवर आला. बाहेरून पाहिले तर पट्टी होती, रिव्हेटही होते. तुटला होता तो भारमार्ग. विमान त्यानंतर १२ हजारांहून अधिक वेळा उडाले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला जाताना ती दाबभिंत फुटली, बाहेर पडणाऱ्या हवेने उभ्या शेपटीचा मोठा भाग उडाला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. ५२४ पैकी ५२० माणसे गेली.

दुसरे चायना एअरलाइन्सचे. १९८० साली हाँगकाँगला शेपटी घासून पत्र्यावर ओरखडे पडले. खराब पत्रा पूर्ण काढून टाकला गेला नाही आणि वर डबलर बसला. ओरखड्यांतून सुरू झालेले तडे डबलरखाली झाकले गेल्यामुळे बाहेरून दिसत नव्हते. २५ मे २००२ रोजी, म्हणजे २२ वर्षांनी, ते विमान आकाशातच फुटले. २२५ जण मृत्युमुखी पडले.

पहिल्या दुरुस्तीत सांधा चुकला, दुसऱ्या दुरुस्तीत खराब धातू आत राहिला. दोन्ही वेळा दुरुस्तीनंतर विमान वर्षानुवर्षे उडत राहिले. म्हणून विमान उडाले एवढ्यावरून दुरुस्ती बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. थकव्याची चूक उशिरा बोलते.

५. बदल: नवे वजन, तोच प्रश्न

आता पुन्हा ओझरला येऊ. ब्राह्मोस क्षेपणास्त्राची विमानातून सोडायची आवृत्ती सुमारे २.५ टन वजनाची आहे. जमिनीवरून सोडायची सुमारे ३ टनांची. ती सुखोई-३० एमकेआयच्या पोटाखाली टांगण्यासाठी सांगाड्यात बदल करावे लागले. बदललेल्या विमानाने क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी एचएएलच्या नाशिक धावपट्टीवरून केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरातील लक्ष्यावर पहिली चाचणी झाली.

असे वजन टांगताना काय बघायचे, हे ढोबळ आकड्यांनी पाहू. पुढील ४ ग्रॅम-पट नव्हे तर ४ जी हा आकडा केवळ उदाहरणापुरता आहे. ४ जी म्हणजे वळणात प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या चौपट खेचते.

मर्यादा भार = २,५०० × ९.८१ × ४ = ९८,१०० न्यूटन

विमानाच्या रचनेत सेवाकाळात अपेक्षित असलेल्या सर्वांत मोठ्या भाराला मर्यादा भार म्हणतात. सांगाडा त्याच्या १.५ पट भाराला तुटता कामा नये. तो अंतिम भार.

अंतिम भार = ९८,१०० × १.५ ≈ १,४७,००० न्यूटन

सुमारे १५ टनांचा हा भार मोजक्या खिळांतून सांगाड्यात शिरतो. तेथून तो फ्रेममध्ये, फ्रेममधून पत्र्यात आणि शेवटी पंखांकडे पोचला पाहिजे, कारण उचल पंख देतात. वाटेतला प्रत्येक सांधा कलम २ प्रमाणे तपासावा लागतो. शिवाय वजनाचा मध्य सरकतो का, कंपनाची वारंवारता बदलते का, क्षेपणास्त्र सुटताच भार अचानक गेल्यावर काय होते आणि उतरताना चाकांवर किती जोर येतो, हेही बघावे लागते.

६. परवानगी कोण देते

दुरुस्ती ही नवी रचनाच असल्यामुळे ती कोणी मनाने करत नाही. विमान बनवणारी कंपनी स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल देते. किती खोल ओरखडा चालेल आणि कोठे कोणता डबलर लावायचा हे त्यात असते. इजा त्यात बसत नसेल तर वेगळा आराखडा करून मंजुरी घ्यावी लागते. भारतात नागरी विमानांसाठी डीजीसीए आणि लष्करी विमानांसाठी बंगळूरुची सेमिलॅक ही संस्था हे काम बघते. काम झाल्यावर सही करणारा अभियंता आणि पुढच्या तपासण्यांची नोंद हे दुरुस्तीचेच भाग आहेत. चायना एअरलाइन्सच्या उदाहरणात डबलरखालचा भाग पुन्हा केव्हा आणि कोणत्या पद्धतीने तपासायचा, हाच प्रश्न जीवनमरणाचा होता.

सारांश

ठिगळ लावणे म्हणजे भोक बुजवणे नव्हे. तुटलेला भारमार्ग पुन्हा जोडणे होय. खराब धातू पूर्ण काढा, क्षमता मोजून परत द्या, गरजेपेक्षा ताठ करू नका, आणि झाकलेला भाग पुढे कसा तपासणार हे आधीच ठरवा.

स्वाध्याय

१. कलम २ मधील पत्रा १.६ मिमी जाडीचा असेल तर एका बाजूला किती रिव्हेट लागतील? रिव्हेट ४ मिमीचेच ठेवल्यास डबलरची लांबी किती होईल?

२. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तेवढ्याच जाडीचा पोलादी डबलर लावला तर भाराची वाटणी कशी बदलेल? पोलादाचा ताठपणा सुमारे तिप्पट धरा. गंजाच्या दृष्टीने आणखी कोणती अडचण येईल?

३. जपान एअर लाइन्सच्या दाबभिंतीतील सांध्याची आकृती काढा: एकदा सलग पट्टीसह, एकदा दोन तुकड्यांसह. दोन्हींत भाराचा मार्ग बाणांनी दाखवा.