किनाऱ्याने भरलेले भाडे

नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर व्लीलांड, टर्स्खेलिंग, आमेलांड, स्खीरमोनिकओख अशी लांबट, वाळूची बेटे एका रांगेत पसरलेली आहेत. २ जानेवारी २०१९ रोजी, नववर्षाचा आनंद अजून ओसरला नव्हता तोच, या बेटांवरील रहिवासी नेहमीप्रमाणे पुळणीवर गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. वाळूवर दूरदर्शन संच पडले होते. मुलांची रंगीत खेळणी, चपला, विजेचे दिवे, खुर्च्यांचे भाग, मोटारींचे सुटे भाग यांचे ढीग लाटांबरोबर पुढेमागे हलत होते. अधूनमधून एखादा लोखंडी पेटारा, कोपरे चेपलेला आणि दारे उघडी पडलेला, वाळूत अर्धा रुतून बसला होता. कोणी हौसेने संच घरी नेला, कोणी मुलांसाठी खेळणी वेचली. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हौस सरली. भरतीमागून भरती येत होती आणि प्रत्येक भरती आणखी काही टाकून जात होती.

हा सारा माल ‘एमएससी झोए’ नावाच्या जहाजावरचा होता. आशियातून निघून युरोपात आलेले हे जहाज पोर्तुगालमधील सीनेश बंदरातून जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदराकडे चालले होते. वाट अवघ्या तीन-चार दिवसांची. अशी जहाजे या मार्गाने रोज ये-जा करतात आणि त्यांची बातमी कधी होत नाही. या एका फेरीची मात्र झाली. ती येथे थोडी विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे. कारण आपल्या घरातील बहुतेक वस्तू आज अशाच पेटाऱ्यांतून प्रवास करून येतात, आणि त्या प्रवासाचा खरा खर्च कोण भरतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

प्रथम या दोन बंदरांविषयी. सीनेश हे नाव आपल्या वाचकांस अपरिचित वाटेल. पण गोव्यातील ज्या शहराला वास्को द गामाचे नाव आहे, तो दर्यावर्दी याच गावचा. पंधराव्या शतकात त्याचा जन्म येथे झाला. पुढे मात्र कित्येक शतके हे मासेमारीचे साधे गावच राहिले. येथील समुद्र किनाऱ्यालगतच खोल असल्यामुळे अलीकडच्या काळात येथे मोठे बंदर उभे राहिले आणि २००४ पासून कंटेनरांची जहाजे लागू लागली. ब्रेमरहाफेनची कथा याच्या उलट आहे. वेझर नदीत गाळ साचून ब्रेमेन शहरापर्यंत मोठी गलबते पोहोचेनाशी झाली, तेव्हा त्या शहराचे महापौर योहान श्मिट यांनी १८२७ साली नदीच्या मुखाजवळ जमीन विकत घेऊन हे नवे बंदर वसविले. एका बंदराला निसर्गाने खोली दिली, तर दुसऱ्याला माणसांनी ती मिळवून दिली. या दोहोंच्या मध्ये मात्र उत्तर समुद्राचा उथळ भाग पसरला आहे.

आता त्या पेटाऱ्याविषयी. कंटेनर म्हणजे तसे पाहिले तर एक पोलादी डबा. रुंदी आठ फूट. लांबी बहुधा वीस किंवा चाळीस फूट. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी मालमोटारमालकाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर असे ५८ डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडले. त्यापूर्वी बंदरात प्रत्येक पोते, पिंप आणि खोके हमालांच्या पाठीवरून किंवा यारीच्या जाळीतून स्वतंत्रपणे चढत-उतरत असे. जहाजाचे निम्मे आयुष्य धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच जाई. मॅक्लीनने हिशेब मांडला, तेव्हा टनामागे सुमारे ५ डॉलर ८६ सेंट पडणारा माल चढविण्याचा खर्च १६ सेंटांच्याही खाली आला. १९६६ च्या मे महिन्यात ‘फेअरलँड’ नावाचे जहाज असे डबे घेऊन रॉटरडॅम आणि ब्रेमेन येथे पोहोचले आणि युरोपातही नवे युग सुरू झाले. १९६८ पासून डब्यांची मापे आंतरराष्ट्रीय ठरावाने निश्चित होऊ लागली. त्यामुळे तोच डबा जहाजावर, रेल्वेवर आणि मालमोटारीवर सारखाच बसू लागला.

या सुधारणेने जगाचे कल्याण झाले नाही, असे कोण म्हणेल? वस्तू स्वस्त झाल्या, चोऱ्या कमी झाल्या, मोडतोड घटली. परंतु याच सुधारणेने दोन गोष्टी नाहीशा केल्या. एक म्हणजे गोदीतला माणूस. लंडनच्या पूर्व भागातील जुन्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वस्त्यांचा आधार गेला. दुसरी गोष्ट म्हणजे मालाचे दर्शन. पूर्वी हमालाला कळे की आपण साखर उचलतो आहोत की काच. आता दाराला मोहोर लागली की आत काय आहे ते केवळ कागदास ठाऊक. कप्तानाच्या दृष्टीने ती खेळणी नव्हेत आणि रसायनही नव्हे. तो अमुक वजनाचा एक डबा.

डबे एकसारखे झाल्यावर जहाजे मोठी करण्यास मर्यादा उरली नाही. ‘झोए’ची लांबी सुमारे ३९५ मीटर आणि रुंदी ५९ मीटर. वीस फुटी मापाने मोजल्यास १९,००० हून अधिक डबे तिच्यावर मावतात. त्या फेरीत लहानमोठे मिळून सुमारे आठ हजार कंटेनर होते. त्यांतील पुष्कळसे तुळईच्या वर उघड्यावर, एकावर एक रचलेले. कोपऱ्यांना फिरवून बसविण्याच्या लोखंडी कड्या आणि खालच्या थरांना तिरप्या सळ्यांचे ताण, एवढ्या बळावर ही उतरंड उभी असते.

१ जानेवारीच्या रात्री वायव्येचा तुफानी वारा सुटला होता. हिवाळ्यात त्या समुद्रावर असा वारा काही अपूर्व नव्हे. लाटा सहा मीटरांहून उंच होत्या आणि त्या जहाजाच्या कुशीवर आडव्या येत होत्या. बेटांच्या उत्तरेने ब्रेमरहाफेनकडे जाण्यास जहाजांसाठी दोन आखीव मार्ग आहेत. एक बेटांजवळून जाणारा, उथळ. दुसरा अधिक उत्तरेचा, खोल. ‘झोए’ने पहिला धरला होता. त्यात नियमभंग काहीच नव्हता; तो मार्ग सर्वांस खुला होता.

मग घात कोठे झाला? पुढे नेदरलँड्स, जर्मनी आणि जहाजाचे निशाण ज्या देशाचे त्या पनामाने मिळून चौकशी केली. तिचे सार सोप्या शब्दांत असे आहे. तळाशी वजन असलेली बाहुली आडवी केली की चटकन उसळून उभी राहते. अतिरुंद जहाजाचेही तसेच होते. लाटेने ते कलले की तितक्याच जोराने परत येते, आणि त्या झटक्याचा सर्वाधिक मार सर्वांत वरच्या डब्यांना बसतो. शिवाय समुद्राची खोली तेथे जेमतेम २१ मीटर आणि जहाज पाण्याखाली १२ मीटरांहून अधिक. एवढे मोठे धूड वरखाली होऊ लागले, म्हणजे त्याचा तळ वाळूला टेकण्याचा संभव निर्माण होतो आणि साऱ्या सांगाड्याला हादरे बसतात. त्यात बाजूने उसळणारे पाणी वरच्या डब्यांवर आदळते. कड्या तुटल्या, सळ्या निसटल्या, उतरंडी कोसळल्या. रात्र काळोखी, वारा घोंघावणारा. पहिले डबे पडले तेव्हा जहाजावर कोणाला पत्ताही लागला नाही. मध्यरात्र उलटल्यावर तो लागला. त्यानंतरही पुढच्या वाटेवर आणखी डबे गेले. प्रथम आकडा २७० च्या आसपास सांगण्यात आला. बंदरात पोहोचून मोजदाद झाली, तेव्हा तो ३४२ ठरला.

जहाज सुखरूप बंदरास लागले. संकटाचा भार वाहिला तो बेटांनी. तीन हजार टनांच्या आसपास माल समुद्रात गेला होता. त्यात प्लॅस्टिकचे बारीक मणी होते. ज्यांपासून बादल्या आणि बरण्या ओततात ते. घातक पेरॉक्साइडच्या थैल्याही होत्या आणि त्यांतील एक किनाऱ्यावर सापडली. खुर्ची उचलता येते, पेटारा यारीने ओढता येतो. वाळूत मिसळलेला साबुदाण्याएवढा मणी कसा वेचावा? शेकडो स्वयंसेवक झाडू, चाळण्या आणि पिशव्या घेऊन आले. स्खीरमोनिकओखवर सैनिक धाडावे लागले. कोळ्यांच्या जाळ्यांत माशांबरोबर कचरा येऊ लागला. ही बेटे ज्या वाडन समुद्राच्या काठी आहेत, तो ओहोटीला मैलोन्‌मैल उघडा पडतो आणि लक्षावधी स्थलांतरी पक्षी तेथील चिखलातले किडे टिपून पुढच्या प्रवासाची शिदोरी बांधतात. २००९ साली त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. जहाज चालविणाऱ्या कंपनीने सफाईचा खर्च सोसण्याचे मान्य केले आणि मोठा भाग काढलाही गेला. तथापि सारे काही निघाले नाही. समुद्राच्या तळाशी जे गेले, त्याचा काही भाग अजून तेथेच आहे.

येथे आम्हांस याच बेटांजवळची एक जुनी घटना आठवते. ९ ऑक्टोबर १७९९ रोजी ‘ल्युटीन’ नावाची ब्रिटिश युद्धनौका हँबुर्गच्या पेढ्यांसाठी सोने घेऊन इंग्लंडच्या यारमथ बंदरातून कुक्सहाफेनकडे निघाली असता अशाच वायव्येच्या वादळात सापडून व्लीलांड आणि टर्स्खेलिंग यांच्यामध्ये बुडाली. जवळजवळ सारी माणसे गेली. सोन्याचा विमा लंडनच्या लॉइड्स येथील विमेकऱ्यांनी उतरविला होता. त्यांनी तो पुरा चुकता केला. पुढे १८५८ साली त्या नौकेची घंटा वर आली. ती लॉइड्सच्या दालनात टांगण्यात आली आणि जहाज बुडाल्याची वार्ता आली की एकदा, हरवले असे वाटलेले जहाज परतले की दोनदा वाजविण्याचा प्रघात पडला.

या दोन घटनांमध्ये फरक आहे आणि तोच आम्हांस सांगावयाचा आहे. ‘ल्युटीन’ बुडाली तेव्हा माणसे गेली, आणि त्याहून मोठे दुःख नाही. परंतु मालाचा तोटा ज्याचा त्याला झाला. सोने तळाशी गेले, विमेकऱ्याने पैसे मोजले, हिशेब मिटला. सोने समुद्राचे काही बिघडवीत नाही. २०१९ मध्ये जीवहानी झाली नाही, मालाची भरपाई विम्यातून होते, गिऱ्हाइकास दुसरा संच मिळतो. ज्याचा त्या व्यवहाराशी कसलाही संबंध नव्हता, त्या कोळ्याच्या, त्या पक्ष्याच्या आणि त्या वाळूच्या वाट्याला मात्र न कुजणारा, न विरघळणारा माल कायमचा आला. पूर्वी बुडालेल्या मालासाठी व्यापारी रडत असे. आज किनारा रडतो. स्वस्त भाड्यातली उरलेली रक्कम किनारा भरतो, असेच म्हणावे लागेल.

आम्ही हे अतिशयोक्तीने सांगत आहोत, असे कोणास वाटू नये. जगात वर्षाला सुमारे पंचवीस कोटी कंटेनरांची समुद्रमार्गे वाहतूक होते आणि २०२३ साली त्यांतील अवघे २२१ पाण्यात पडल्याची नोंद आहे. म्हणजे एकूण व्यवहारात हे प्रमाण नगण्य. पण ‘झोए’ने एका रात्रीत गमावलेले डबे त्या साऱ्या वर्षाहून अधिक होते, आणि ते पडले एकाच नाजूक किनाऱ्यासमोर. सरासरीने जगाचा हिशेब जुळतो, बेटाचा जुळत नाही.

या घटनेतून काही सुधारणा झाल्या, हे नमूद केले पाहिजे. वायव्येचे वादळ असले म्हणजे नेदरलँड्सचे तटरक्षक दल मोठ्या कंटेनर जहाजांस बेटांजवळच्या मार्गाचा धोका कळवते. मार्ग बंद करणे मात्र एकट्या त्या देशाच्या हाती नाही. ते आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संमतीने व्हावे लागते. उत्तरेचा खोल मार्गही सर्वस्वी निर्धोक नाही, असे चौकशीत दिसले. समुद्रात कंटेनर पडल्यास कप्तानाने त्याची खबर तत्काळ दिलीच पाहिजे, असा नियम त्या संघटनेने २०२४ मध्ये मंजूर केला आणि त्याच्या अंमलासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरविली. डबे वाहण्यास आरंभ झाल्यापासून सत्तर वर्षांनी हरवलेल्या डब्याची खबर देणे सक्तीचे व्हावे, यावरून किनाऱ्याचा आवाज किती क्षीण असतो ते कळते.

आणि हे सारे दूरच्या देशातले आहे, असे म्हणण्याची सोय आपणांस आता उरलेली नाही. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज विळिंजमहून कोचीकडे जाताना केरळच्या समुद्रात बुडाले. माणसे वाचली, ६४० कंटेनर जहाजाबरोबर गेले. काही दिवसांतच तिरुवनंतपुरमच्या पुळणींवर तेच बारीक पांढरे मणी दिसू लागले आणि लोक तशाच चाळण्या घेऊन वाळूत बसले. सीनेशला जन्मलेल्या वास्को द गामाने १५२४ साली देह ठेवला तो कोचीला. त्याने जोडलेल्या या दोन किनाऱ्यांना पाच शतकांनी एकाच दुःखाने पुन्हा जोडावे, हा योग विलक्षण खरा. पुढच्या वेळी घरात नवी वस्तू आली आणि तिची किंमत कशी इतकी कमी, असे नवल वाटले, तर वाळूत बसून मणी वेचणाऱ्या त्या माणसांचे स्मरण व्हावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.