सोंगाच्या खेळाचे नियम

कर्जतला मुख्याध्यापक असताना मी एकदा मुलांची सहल उंबरखिंडीत नेली होती. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ ही खिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत घाट उतरून कोकणात येणाऱ्या कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी येथेच कोंडली. फराळ आटोपताच मुलांनी लढाईचा खेळ मांडला. मावळा व्हायला जो तो पुढे सरसावला. खान व्हायला मात्र कोणी तयार होईना. अखेर एका मुलाने ते सोंग घेतले खरे, पण खिंडीच्या तोंडाशी येऊन तो थबकला आणि म्हणाला, "मी आत जाणार नाही. वर मावळे दडले आहेत, हे मी इतिहासात वाचले आहे." खेळ तेथेच संपला!

त्या वेळी आम्ही सारे हसलो. त्या मुलाने खेळाचा कोणता नियम मोडला, हे मला सांगता आले नसते. तो नियम मला पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या नातीने शिकविला.

ती आंतरजालावर एक खेळ खेळते. जुन्या काळच्या राजेरजवाड्यांच्या धर्तीवर रचलेले एक कल्पित राज्य त्यात आहे. तेथे किल्ले आहेत, भालाईत आहेत, तसेच जादूगार आणि आग ओकणारे अजगरही आहेत. प्रत्येक गडी आपले एक पात्र निर्माण करतो. त्याचे नाव, गाव, धंदा, बळ आणि उणिवा ठरवितो. मग एकाने आपले पात्र काय बोलले, काय केले ते लिहावे, दुसऱ्याने त्यापुढे लिहावे, अशी कथा वाढत जाते. कोणी कर्जतचा, कोणी नागपूरचा, कोणी परदेशातला. या सर्वांवर एक सूत्रधार असतो आणि त्याचा शब्द अखेरचा.

हा सूत्रधार कशासाठी, असे तुम्ही विचाराल. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सर्व मोहरी दिसतात. खऱ्या युद्धात तसे नसते. डोंगराआड कोण आहे, हे सेनापतीला दिसत नाही. म्हणून १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटाने नकाशावरील युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे. सर्व काही त्या पंचालाच ठाऊक. ज्याला जेवढे दिसणे शक्य, तेवढेच तो त्याला सांगे, आणि कोणाची किती हानी झाली हे फाशांवरून ठरे. अशा युद्धखेळांच्या परंपरेतूनच पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात गड्याच्या हाती फौजेऐवजी एकच वीर आला. फासेही निराळे, काही तर वीस बाजूंचे! १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ संगणकावर रचण्यास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढविला. त्यात चित्र एकही नव्हते, नुसते शब्द. पंचाचे काम संगणकच करी.

आता नियम ऐका. आपण केवळ आपल्या पात्राविषयी लिहावे. "मी तलवार उगारली," असे लिहिता येते. "मी तुझे मस्तक उडविले," असे लिहिता येत नाही. घाव लागला की चुकला, हे समोरचा गडी किंवा फासा सांगेल. तसेच प्रत्येक घाव चुकविणारे पात्र कोणालाच नको असते. आट्यापाट्यांत "मी बाद नाहीच" म्हणून हुज्जत घालणारा गडी तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच भाऊ. रडीचा डाव तो रडीचाच. आपले खरे नाव, पत्ता आणि परवलीचा शब्द कोणालाही कळवू नये, हाही एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

पण सर्वांत अवघड नियम निराळाच आहे. गड्याला जे ठाऊक असते, ते त्याच्या पात्राला ठाऊक असतेच असे नाही. उंबरखिंडीतल्या आमच्या खानाने हाच नियम मोडला होता! इतिहास त्या मुलाने वाचला होता, खानाने नव्हे. खानाचे सोंग घेणाऱ्याने खिंडीत शिरलेच पाहिजे, तेही बेफिकीर चेहऱ्याने. मला विचाराल, तर मावळा होण्यापेक्षा हे काम कठीण आहे.

पात्र मेले म्हणजे मेले, असाही एक नियम नातीच्या खेळात आहे. आठ महिने जिवापाड जपलेली तिची वैदीण एका रात्री मारली गेली. मारणारे पात्र होते तिच्या जिवलग मैत्रिणीचे. फासा पुन्हा टाका, म्हणून तिने सूत्रधाराची विनवणी केली. त्याने नकार दिला. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मैत्रिणीशेजारी बसून तिने डबा खाल्ला, पण बोलली मात्र काही नाही. बोलणे सुरू व्हायला आणखी दोन दिवस जावे लागले.

तिचे मन रमावे म्हणून मी तिला त्या सहलीची गोष्ट सांगितली. खानाबरोबर रायबागण नावाची एक पराक्रमी स्त्री सरदार होती. फौज कोंडली गेल्यावर तिनेच त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि खंडणी देऊन व सामान तेथेच टाकून खान जिवानिशी सुटला, हेही सांगितले.

नात क्षणभर थांबून म्हणाली, "मग आजोबा, तुमच्या खेळात रायबागण कोण झाली होती?"

त्या दिवशी रायबागणीची आठवण आम्हां कोणालाच झाली नव्हती.