रो हाऊस घेताय? आधी जमीन पाहा

पुणे, नाशिक, नवी मुंबईत घर शोधणाऱ्यांना रो हाऊसची ओढ असते. खाली-वर आपलेच घर, दारात गाडी, मागे चार कुंड्यांपुरते अंगण. पण घर स्वतंत्र दिसले म्हणून खालची जमीन स्वतंत्र असतेच असे नाही. घरपट्टी आणि वीजबिल आपल्या नावावर आले की लोक निश्चिंत होतात. जमिनीच्या मालकीचा तो पुरावा नव्हे.

मालकी कोणाची?

आपल्या प्लॉटचा वेगळा सातबारा किंवा मिळकत पत्रिका असेल तर उत्तमच. पण पुष्कळदा पूर्ण लेआउटचा उतारा एकच असतो. मग जमीन कशी वाटली आहे, ते पाहावे लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल (१९६०चा कायदा), तर जमीन संस्थेच्या नावावर व्हायला हवी. सभासदाकडे भागदाखला आणि घराचा ताबा. बिल्डरने खरेदीखत करून दिले नसेल, तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. १९७०च्या अपार्टमेंट कायद्यात घर आपल्या मालकीचे आणि जमिनीत अविभक्त हिस्सा. ‘पुढे गच्चीवर एक खोली काढू’ हा बेत दोन्हीकडे अडू शकतो. शिल्लक एफएसआय कोणाचा, हे कागद ठरवतात. वर महापालिकेची परवानगी लागतेच.

नवी मुंबईची गोष्ट निराळी. तिथे सिडकोने जमिनी ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. त्यामुळे जुने रो हाऊस घेताना पट्ट्याची किती वर्षे उरलीत आणि आधीची हस्तांतरणे सिडकोच्या दप्तरी नोंदली आहेत का, हे तपासल्याशिवाय इसार देऊ नये.

भाड्याने राहायचे तर

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा, नोंदवलेलाही हवा. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. अंगण, गच्ची, पार्किंग कोणी वापरायचे आणि पाण्याच्या टाकीची सफाई कोणी करायची, हेही करारातच लिहून घ्या. रो हाऊसमध्ये कुरबुरी इथूनच सुरू होतात.

सामाईक भिंत

आपल्या न्हाणीघरातली पाइप गळते आणि ओल शेजाऱ्याच्या कपाटामागे उमटते. कपड्यांना कुबट वास येईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. म्हणून घर पाहायला पावसाळ्यात जावे, कपाटे उघडून मागची भिंत हाताने चाचपावी. नूतनीकरणात त्या भिंतीला किंवा खांबाला हात लावायचा असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. त्याचेही घर त्याच आधारावर उभे असते.