चार हात, चोवीस विष्णू

एक मूर्तिकार आहे. समोर विष्णूची मूर्ती जवळपास पूर्ण झालीय, फक्त चारही हात अजून रिकामे आहेत. शेजारी शंख, चक्र, गदा आणि पद्म, म्हणजे कमळ. कोणत्या हातात काय द्यायचं, याच्या किती तऱ्हा होतील? पेन्सिल उचलू नका. आधी मनातल्या मनात एक आकडा धरा.

बहुतेक जण आठ नाहीतर सोळा म्हणतात. आता नीट बघू. पहिल्या हातात चारपैकी काहीही देता येईल. समजा, शंख दिला. दुसऱ्या हातासाठी तीन वस्तू उरल्या. तिसऱ्यासाठी दोन. चौथ्याला निवड नाही, उरेल ते मुकाट्याने घ्यायचं. म्हणजे 4 × 3 × 2 × 1 = 24.

घरात आजोबा संध्या करत असतील, तर ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः’ अशी नावं तुमच्या कानावर पडली असतील. ती नावं एकदा मोजा बरं. बरोबर 24 भरतात! मूर्तिशास्त्रात यातल्या प्रत्येक नावाची मूर्ती वेगळी मानतात. चेहरा, मुकुट, उभं राहणं सगळं सारखंच. ओळख पटते ती कोणत्या हातात काय आहे त्यावरून. (कोणता क्रम केशवाचा आणि कोणता माधवाचा, यावर जुन्या ग्रंथांचं एकमत नाही. पण पंचविसावी मूर्ती कुणालाच सापडलेली नाही. सापडणार कशी?)

विष्णूच्या हातांचं हे कोडं माझं नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा पहिला भाग ‘लीलावती’, आणि कोडं त्यातल्या ‘अंकपाश’ नावाच्या शेवटच्या प्रकरणातलं आहे. तिथे विष्णूच्या जोडीला शंकरही आहे. त्याला दहा हात आणि दहा वस्तू: पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ आणि आणखी चार. या मूर्ती किती? दहापासून एकपर्यंत गुणत या. उत्तर 36,28,800. मूर्तिकाराने एकही सुट्टी न घेता रोज एक मूर्ती घडवली, तरी त्याला नऊ हजार नऊशेहून जास्त वर्षं लागतील.

आता जरा खेळू या. कागदाच्या चार चिठ्ठ्या करा. शंख, चक्र, गदा, पद्म अशी नावं लिहा, घड्या घालून वाटीत टाका. दुसऱ्या कागदावर आपला ठरलेला क्रम लिहून ठेवा. मग डोळे मिटून एकेक चिठ्ठी काढा आणि ओळीने मांडा. चारही बरोबर जागी येण्याची शक्यता किती? एकूण तऱ्हा 24, आपल्याला हवी तशी एकच. म्हणून 24 मध्ये 1. पाठ्यपुस्तकात याला ‘संभाव्यता’ म्हणतात. हव्या त्या तऱ्हा वर लिहायच्या, एकूण तऱ्हा खाली. अट एकच, प्रत्येक तऱ्हा येण्याची संधी सारखी पाहिजे. चिठ्ठ्या कमीजास्त आकाराच्या असतील, किंवा तुम्ही एका डोळ्याने बघत असाल, तर हिशेब कोलमडला.

खरी गंमत पुढे आहे. चारपैकी नेमक्या तीन चिठ्ठ्या बरोबर जागी येण्याची शक्यता किती? हा प्रश्न वर्गात विचारून बघा. कुणी म्हणेल 24 मध्ये 4, कुणी म्हणेल 24 मध्ये 3. उत्तर आहे शून्य. तीन चिठ्ठ्या आपापल्या जागी बसल्या, की चौथीला स्वतःची जागा सोडून दुसरी जागाच कुठे उरते? तीन बरोबर म्हणजे चारही बरोबर.

आणि एकही चिठ्ठी बरोबर न येण्याच्या तऱ्हा? सगळ्या 24 लिहून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. एकही बरोबर नाही अशा 9 निघतील. नेमकी एक बरोबर अशा 8, दोन बरोबर अशा 6, तीनची शून्य, चारची 1. बेरीज 24 आलीच पाहिजे. नाही आली तर एखादी तऱ्हा निसटलीय किंवा दोनदा लिहिली गेलीय. पुन्हा बघा.

भास्कराचार्यांनी संभाव्यता शोधली असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर मान डोलावू नका. त्यांनी तऱ्हा मोजल्या. ‘शक्यता किती’ हा प्रश्न लीलावतीत नाही. तो फ्रान्समधल्या पास्कल आणि फर्मा या दोघांनी 1654 साली एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून सोडवला, तोही जुगाराच्या डावावरून! अर्धवट सुटलेल्या डावातले पैसे कसे वाटायचे, हा त्यांच्यापुढचा पेच होता. पण त्यांनाही आधी तऱ्हाच मोजाव्या लागल्या. अपूर्णांकाचा खालचा आकडा हातात नसेल, तर वरच्याचं करायचं काय? आणि न चुकता मोजायची ती विद्या लीलावतीत 504 वर्षं आधी लिहिलेली होती.

आता चला खानदेशात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव, तिथून अठरा-एक किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत पाटण. पाटणादेवीला तुमच्यापैकी पुष्कळ जण सहलीला गेले असतील. धुळ्याची मंडळी चाळीसगावच्या गाडीत बसली की अर्धी वाट सरली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने 1207 साली मठाला दान दिलं, आणि हे सगळं शिळेवर कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती शिळा एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणली. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत. गावात जेवढे तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकाकडून मठाला पळी पळी तेल द्यायचं, असं त्यात ठरवून दिलंय. गणिताच्या शाळेला तेल्यांची वर्गणी! मला तर राजाच्या दानापेक्षा ही पळीच जास्त आवडते.

त्याच शिळेवर घराण्याची नावं ओळीने आहेत: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर, चांगदेव. नऊ नावं, प्रत्येक जण पुढच्याचा वडील. म्हणजे बाप-लेकाच्या जोड्या आठ. मग सांगा, पूर्वज आणि वंशज अशा जोड्या किती?

चांगदेवाला पूर्वज आठ, लक्ष्मीधराला सात, भास्कराचार्यांना सहा... असं करत महेश्वर, मनोरथ ओलांडून भास्करभट्टापर्यंत या, त्याला एक. 8 + 7 + 6 + 5 + 4 + 3 + 2 + 1 = 36. शिळेने सांगितल्या आठ गोष्टी, आपल्याला कळल्या छत्तीस! कारण ‘पूर्वज’ हे नातं पुढे सरकतं. मनोरथ महेश्वराचा पूर्वज, महेश्वर भास्कराचार्यांचा पूर्वज, म्हणून मनोरथही भास्कराचार्यांचा पूर्वज. ‘वडील’ हे नातं तसं सरकत नाही. वडिलांचे वडील आपले वडील नसतात, आजोबा असतात. गणितात अशा नात्यांचा अभ्यास असतो. त्यात माणसंच हवीत असं नाही. गावं, संख्या, आगगाड्या, काहीही चालतं.

गावांचंच घ्या. ‘शिवेला शीव लागून असलेलं गाव’ हे नातं उलटसुलट चालतं. मी तुझ्या शेजारी, तर तू माझ्या शेजारी. पण ते पुढे सरकत नाही. शेजाऱ्याच्या शेजारचं गाव आपल्या शिवेला लागून असेलच, असं काही नाही. याउलट ‘एकाच तालुक्यातलं गाव’ हे नातं उलटंही चालतं आणि पुढेही सरकतं. अशा नात्याची करामत बघा: धुळे जिल्ह्यातली सगळी गावं त्यामुळे चार ढिगांत पडतात, धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा. एकही गाव दोन ढिगांत नाही, एकही गाव बाहेर राहिलेलं नाही. जळगाव जिल्ह्यात असे ढीग पंधरा होतात.

अंकपाशाच्या शेवटी भास्कराचार्यांनी गणिताचा ताठा मिरवणाऱ्या पोरांना एक टोमणा मारलाय. इथे गुणाकार विचारलेला नाही, भागाकार नाही, वर्ग नाही, घन नाही. तरीही स्वतःला हुशार समजणारे या अंकपाशात पडणारच, अशा अर्थाचा. हा टोमणा तुम्हालाही आहे बरं का. त्यांचंच एक उदाहरण देतो. पाच अंकी संख्या घ्या, एकही अंक शून्य नको, पाचही अंकांची बेरीज 13 यायला हवी. अशा संख्या किती? उत्तर 495. आकडा फोडून टाकला म्हणून रुसू नका, तो कसा आला हे शोधण्यातच खरी कसोटी आहे. आधी दोन अंकी संख्या आणि बेरीज 5 असं सोपं करून बघा, मग तीन अंकी घ्या. आणि सगळी यादीच करायचा हट्ट असेल, तर सुरुवात 11119 पासून करा.