लॅक्स्टन : कुंपणाविना शेतांचे गाव

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात, न्यूअर्क शहराच्या उत्तरेला आणि शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला लॅक्स्टन हे छोटे शेतकरी गाव आहे. वस्ती अडीचशेच्या आसपास. एक चर्च, एक पब आणि दुतर्फा घरे असलेला मुख्य रस्ता. परगण्यातल्या इतर गावांभोवती हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांनी आखलेली चौकोनी शेते असतात. लॅक्स्टनच्या शिवारात ती कुंपणे संपतात आणि जमीन दूरवर उघडी पसरते. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही गावाची तीन मोठी सामायिक शेते. प्रत्येकात अनेक शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये कुंपण नाही. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती अशीच होत असे. आज ती पद्धत, तिच्यावर देखरेख करणाऱ्या गावसभेसह, फक्त लॅक्स्टनमध्ये चालू आहे.

गावाची रचनाही या शेतीतूनच आली. कुंपणबंद मुलुखात शेतकऱ्याचे घर त्याच्या जमिनीत, एकटे उभे असते. लॅक्स्टनमध्ये प्रत्येकाची जमीन तिन्ही शेतांत विखुरलेली, त्यामुळे मध्येच कुठे घर बांधण्यात अर्थ नव्हता. बहुतेक शेतघरे गावातच रस्त्याला लागून बांधली गेली. लाल विटांची, कौलारू, बरीचशी रस्त्याकडे आखूड बाजू करून उभी. मागे खळे, कोठार आणि गोठा. ट्रॅक्टर आजही गावातूनच शेतावर जातात. रस्त्याकडेला जुना कोंडवाडाही जपून ठेवला आहे. भटकी जनावरे त्यात कोंडली जात आणि धन्याने दंड भरला की सोडली जात.

शेतीची शिस्त तीन वर्षांच्या फेऱ्यावर चालते. एका शेतात हिवाळ्याच्या तोंडावर गहू पेरतात. दुसऱ्यात वसंतात बार्ली, वाटाणा किंवा बाकल्यासारखे पीक येते. तिसरे पूर्वी पडीक ठेवले जाई आणि त्यावर गावाची मेंढरे चरत. आता तिथे बहुधा चाऱ्याचे पीक असते. पुढच्या वर्षी फेरा एक घर पुढे सरकतो. कोणाही एकाला हा क्रम मोडता येत नाही, कारण शेजारच्या पट्टीत गहू उभा असताना आपली जमीन चराईला सोडणे अशक्यच.

पट्ट्या विखुरलेल्या का, यावर अभ्यासकांनी खूप लिहिले आहे. सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी यांनी १९३८ मध्ये ‘द ओपन फील्ड्स’ हा ग्रंथ लॅक्स्टनच्या आधारेच लिहिला. पट्टीचे मूळ त्यांनी नांगराच्या एका दिवसाच्या कामात शोधले. इथली तांबडी चिकणमाती भारी आहे आणि पाणी लवकर सोडत नाही. म्हणून पट्ट्या उताराच्या दिशेने ओढलेल्या असतात आणि तासांतून पाणी खाली वाहून जाते. विखुरण्याचा फायदा असा, की चांगली जमीन कोणा एकाच्या पदरात पडत नाही आणि पाणथळ जमीनही कोणा एकाच्याच माथी येत नाही.

जिथे कुंपण नाही तिथे शेजाऱ्याची हद्द कोरण्याचा मोह आलाच. त्यावरचा उपाय म्हणजे कोर्ट लीट ही मनोरची, म्हणजे जुन्या जमीनदारी इलाख्याची, न्यायसभा. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ज्यूरीचा दिवस असतो. बारा शेतकऱ्यांची ज्यूरी आपल्या प्रमुखासह नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या शेतात उतरते. कोणी नांगर शेजारच्या पट्टीत, सामायिक वाटेत किंवा गवताच्या राखीव तुकड्यात घातला आहे का, हे डोळ्यांनी पाहिले जाते. हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंट्या ठोकल्या जातात. मग ज्यूरी गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये एकत्र जेवते आणि दंडाची यादी ठरवते. पुढच्या आठवड्यात मनोरच्या कारभाऱ्यासमोर सभा भरते, दंड जाहीर होतात आणि पुढच्या वर्षीची ज्यूरी नेमली जाते. दंडाच्या रकमा किरकोळ. खरा धाक असतो तो साऱ्या गावासमोर नाव वाचले जाण्याचा. १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा उरल्यासुरल्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनला अपवाद करण्यात आला. तो निर्णय शहाणपणाचा होता. सभा नुसत्या समारंभापुरती ठेवली असती, तर या उघड्या शेतांची राखण कोणी केली असती?

शेतांच्या कडेने, ओढ्याकाठी आणि नांगर चालणार नाही अशा खोलगट जागी गवताचे पट्टे राखलेले आहेत. त्यांना ‘साइक’ म्हणतात. नांगर न लागल्याने जुन्या कुरणांतली रानफुले तिथे टिकून आहेत आणि या पट्ट्यांना वैज्ञानिक महत्त्वाचे संरक्षित क्षेत्र म्हणून दर्जा आहे. उन्हाळ्यात उभ्या गवताचा लिलाव होतो आणि मग कापणी. निसर्गरक्षणाचे हे काम गावाने कधी वेगळे हाती घेतले नव्हते. चाऱ्यासाठी पाळलेल्या जुन्या नियमांतून ते आपोआप घडत गेले.

गावाच्या उत्तरेला मातीच्या गढीचे अवशेष आहेत. नॉर्मन काळातले हे उंच टेकाड आणि त्याखालची तटबंद आवारे परगण्यातल्या सर्वांत चांगल्या टिकलेल्या गढ्यांत मोडतात. शेरवुडच्या राजरानाचा कारभार पाहणारी द कॉ आणि पुढे एव्हरिंगहॅम ही घराणी इथली. सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधी-मूर्ती आहेत. दगडी मूर्तींच्या सोबतीला एका स्त्रीची ओक लाकडात कोरलेली मूर्ती आहे. मध्ययुगातली लाकडी समाधी-मूर्ती परगण्यात दुसरीकडे नाही.

तरीही लॅक्स्टनचा सर्वांत मोलाचा ऐवज गावाबाहेर, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सर विल्यम कोर्टन या जमीनदारासाठी १६३५ मध्ये गावाची मोजणी झाली आणि मार्क पिअर्स याने नकाशा काढला. सव्वादोन हजारांहून अधिक पट्ट्या त्यात एकेक करून दाखवल्या आहेत आणि नोंदवहीत प्रत्येकीचा धारक लिहिला आहे. नकाशात नांगरणारी, कापणी करणारी माणसेही रेखाटलेली आहेत. गावाचे रस्ते आणि शेतांची ठेवण आजही त्याच्याशी ताडून पाहता येते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी गावोगावची सामायिक शेते मोडून कुंपणबंद झाली आणि असंख्य गरिबांचे चराईचे हक्क गेले. लॅक्स्टन वाचण्यामागे मॅन्व्हर्स आणि स्कार्बरो या दोन बड्या जमीनदारांचे एकमत न होणे हे एक कारण मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅन्व्हर्सच्या इस्टेटीने पट्ट्या एकत्र करून रुंद केल्या. आजच्या पट्ट्या १६३५ च्या मानाने मोठ्या आणि थोड्या आहेत. १९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्सकडून गाव कृषी मंत्रालयाने घेतले, ते जुनी पद्धत राखण्यासाठीच. १९८१ मध्ये ते राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्या जुन्या इस्टेटीकडे गेले. मालक बदलले तरी राबणारी कुळे गावातलीच राहिली. आता लहान शेती परवडेनाशी झाली आहे आणि तरुणांना ती धरायला लावणे अवघड आहे. मालकी हक्कापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, कारण शेतकरी कमी झाले तर ज्यूरीला बारा माणसे आणायची कुठून?

गाव पाहायला तिकीट नाही. डव्हकोट इनशेजारी छोटे माहिती केंद्र आहे आणि तिथून तिन्ही शेतांकडे, साइकांकडे आणि गढीकडे सार्वजनिक पायवाटा जातात. रानफुलांसाठी जून चांगला. पट्ट्यांची आखणी मात्र वेगवेगळी पिके उभी असताना, म्हणजे कापणीच्या आधी, सर्वांत स्पष्ट दिसते. पावसानंतर इथली माती बुटांना जड चिकटते. शेते चालती असल्याने पायवाट सोडून पिकात शिरू नये.